नक्षीची मागची बाजू

जुन्या वाड्यांचं उतरवलेलं लाकूड विकणाऱ्या पुण्यातल्या एका वखारीत घडलेली गोष्ट तशी किरकोळ. सज्जाखालचा एक घोडा, म्हणजे सज्जाला तिरका आधार देणारं कोरीव लाकूड, विकायला ठेवला होता. हात-सव्वा हात उंचीचा, सागवानी, पिस्ता रंगाच्या ऑइलपेंटच्या थरांखाली चोच आणि पंख जेमतेम ओळखू येतील असा. गिऱ्हाइकाला तो एका उपाहारगृहाच्या भिंतीवर लावायचा होता, पण मागून चार बोटं बाहेर आलेलं चौकोनी लाकूड त्याला भिंतीशी सपाट बसू देईना. वखारवाल्याने विचारलं, "मागचं कापून देऊ का?" गिऱ्हाईक हो म्हणालं. करवतीचे दहा-बारा हात बसले आणि तो तुकडा भुशात पडला. तुकड्याच्या मधोमध एक गोल भोक होतं आणि त्यात तुटलेल्या लाकडी खुंटीचं अर्धं टोक अजून अडकलेलं होतं. घासाघीस नक्षीवर झाली, पैसे नक्षीचे मिळाले, आणि ज्या भागामुळे ती वस्तू घोडा म्हणून उभी राहिली होती तो जळणाच्या ढिगात गेला. तेव्हापासून पेठांमधून जाताना नजर नक्षीपेक्षा नक्षीच्या मागे काय आहे तिकडे आधी जाते.

तो कापलेला भाग म्हणजे कुसू. खांबाला तेवढ्याच मापाचं भोक पाडायचं, कुसू त्यात ठोकून बसवायचं आणि आडवी लाकडी खुंटी मारायची. लोखंडी खिळा मुद्दाम टाळायचा, कारण सागातलं तेल कितीही असलं तरी पावसाळी हवेत खिळा गंजतो, फुगतो आणि लाकूड तिथेच चिरतं. खुंटी लाकडाबरोबर आकसते आणि फुगते. आता असा घोडा नीट बघितला तर लक्षात येतं की सगळी खोल कोरणी त्याच्या पोटात आहे, जिथे लाकूड सर्वांत जाड ठेवलेलं असतं. जसजसं खांबाच्या किंवा वरच्या कडीच्या, म्हणजे आडव्या लाकडाच्या, जवळ जावं तसतशी कोरणी उथळ होते आणि टेकण्याच्या जागा तर अगदी कोऱ्या असतात. सुताराला भार कुठून कुठे जातो ते ठाऊक होतं, आणि लाकूड जिथे कमी झालं तरी चालेल तिथेच पटाशी खोल गेली. पोपटाची मान वळलेली आहे ती तिरक्या आधाराच्या रेषेत.

खांबावरच्या हस्ताचंही तसंच. हस्त म्हणजे खांबाच्या माथ्यावरून तुळईखाली पुढे आलेला लाकडी आधार. वाड्याचं माप खणांत सांगायची पद्धत होती. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. समजा, सहा फुटांचा खण आहे आणि दोन्ही खांबांवरून एकेक फूट हस्त पुढे आले आहेत. तुळईला आता मधल्या चार फुटांचीच काळजी करायची. वाकवणारा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे छत्तीसच्या जागी सोळा. ढोबळमानाने निम्म्याहून कमी. म्हणून त्या जागी हस्त आहे, आणि हस्त आहे म्हणून त्याच्या टोकाला लोंबणारं केळफूल आहे. केळफूल कापून टाकलं तर तुळई पडणार नाही, हे खरं. पण हस्ताचं टोक म्हणजे उघडं पडलेलं आडवं लाकूड. तिथूनच ओल आत शिरते, तिथूनच ते उभं फाटायला लागतं. टोकाला गोलाई देऊन, खाली निमुळतं करत नेऊन ती तीक्ष्ण कड मोडलेली असते. महिरपीची गोष्ट वेगळी. वाड्यातल्या लाकडी महिरपी बहुतेक फळ्यांच्या असतात, दगडी कमानीसारखा भार त्या घेत नाहीत. भार वरची तुळई घेते. महिरप खांब आणि तुळईच्या कोनात बसून चौकटीला तिरकी होण्यापासून थोडाफार आवर घालते. जागा मिळावी म्हणून पार्टिशन घालताना महिरपी काढलेल्या वाड्यांमध्ये काही वर्षांनी दारं घासायला लागतात ती यामुळेही.

खांबाच्या पायाशी तळखडा असतो. काळ्या दगडाचा, वर कधी कमळाच्या पाकळ्या कोरलेला, कधी नुसता घासून काढलेला. त्याचं काम एकच, लाकडाला जमिनीच्या ओलीपासून वर ठेवणं. बेसाल्ट दाट असतो, पाणी सहज वर ओढत नाही. मूळ जमीन शेणामातीची किंवा शहाबादी फरशीची होती तेव्हा तळखडा तिच्यावर पाच-सहा बोटं उठून दिसायचा. मग कुणीतरी शहाबादीवर मोझॅक घातलं, चाळीस वर्षांनी मोझॅकवर सिरॅमिक टाइल आली. प्रत्येक थर खालच्या मसाल्यासकट दीड-दोन इंचांचा. कमळ आधी अर्धं बुडालं, नंतर पूर्ण, आणि फरशी पुसायचं पाणी थेट सागाच्या तळाशी पोचायला लागलं. रस्त्याचंही तेच झालं. डांबरावर डांबर चढत गेलं आणि पेठांमधल्या कितीतरी वाड्यांचा उंबरा, जो एके काळी दोन पायऱ्या वर होता, तो आज रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली आहे. जुलैत गल्लीतलं पाणी दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या लहान दारातून, आत येतं. वाड्याच्या जोत्यावरचा कोरीव थर कुठे गेला असं कोणी विचारलं तर उत्तर पायाखाली असतं.

लाकडी खांब बहुतेक खालून मरतो.

तो मरतोय हे कळायला फार यंत्रं लागत नाहीत. जमिनीपासून वर वीतभर अंतराने लाकडी दांड्याने ठोकत जायचं. निरोगी साग टणत्कार देतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथे बारीक टोच्या खुपसून बघायचा. पाव इंचापेक्षा सहज आत गेला तर लाकूड संपलंय. अशीच परीक्षा तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकांची करावी लागते, कारण मधली तुळई लखलखीत असली तरी भिंतीत गाडलेलं टोक वाळवीने पोखरलेलं सापडतं. दुरुस्ती अशी असते: दोन्ही बाजूंना टेकू द्यायचे, जॅकने भार अगदी सावकाश उचलायचा, दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही, नाहीतर वरच्या मजल्याचा गिलावा फुटतो. कुजलेला भाग कापताना चांगल्या लाकडात आणखी चार बोटं जायचं. नवा तुकडा जुन्या सागाचाच घ्यायचा, कारण ताजा साग नंतर आकसतो आणि सांधा उघडतो. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट तरी हवी, दोन्ही तुकडे अर्धे-अर्धे कापून एकमेकांवर बसवायचे आणि खुंट्या मारायच्या. लाकडाची रेषा उभ्याला उभी जुळली पाहिजे. सर्रास होतं ते मात्र वेगळंच. कुजलेला पाय कापतात आणि तिथे सिमेंट काँक्रीटचा ठोकळा ओततात. काँक्रीट ओल धरून ठेवतं, लाकूड त्या ओलीवर उभं राहतं, आणि काही वर्षांत कूज ठोकळ्याच्या वर सरकते. यात हेतू वाईट नसतो. पैसे कमी असतात, भाडेकरू आणि मालक यांचा दावा चालू असतो आणि कोणालाच पुढच्या तीस वर्षांची खात्री नसते. तरीही तो ठोकळा बघितला की वाईट वाटतं.

ऑइलपेंट हा दुसरा आजार. घरी लग्न निघालं की खांब रंगवायचे, ही चांगल्या दिवसांची रीत होती, आणि त्या रंगांच्या थरांत एखाद्या घराची सगळी कार्यं मोजता येतील. पण दहा-बारा थरांनंतर पाकळीची धार जाते, पक्ष्याचा डोळा भरतो. हे थर काढायला लोक कॉस्टिक सोडा वापरतात. रंग भराभर उतरतो, पण सोडा सागातलं तेल खातो, लाकूड काळवंडतं, तंतू उभे राहतात आणि आत उरलेला क्षार पुढचा कोणताही लेप धरू देत नाही. ब्लो लँप वापरला तर पातळ कडा जळतात. तारेचा ब्रश तर कोरणीवर कधीच नको. रंग मऊ करणारा रिमूव्हर थोड्या भागावर लावायचा, थांबायचं आणि बांबूच्या किंवा पितळेच्या पातीने थर उचलायचा, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. जुन्या रंगांमध्ये शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नये. तोंडावर चांगला मास्क हवा आणि घरात लहान मूल असेल तर त्याला दूर ठेवावं. लाकूड उघडं झाल्यावर अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग मिसळून पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने न मुरलेलं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं आणि मग पुढचा हात. ज्या फडक्याने पुसलं ते गोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेतं. ते उघड्यावर पसरून वाळवायचं किंवा पाण्यात बुडवून ठेवायचं. लाकडाच्या शहरात ही खबरदारी क्षुल्लक नाही. शनिवारवाड्याचे वरचे मजले १८२८ च्या आगीत गेले आणि उरली ती दगडी जोती, तट आणि दरवाजे. विश्रामबागवाड्याचा एक भाग १८७९ मध्ये जळला. आज त्या वाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे खांब आणि वरचा सज्जा बघताना हे लक्षात असावं की पेशवाईतल्या लाकूडकामाचा केवढा तरी भाग आपण कधीच बघणार नाही.

दारांबद्दल थोडं. वाड्याच्या मोठ्या दरवाजावर ओळीने बसवलेल्या लोखंडी किंवा पितळी फुल्या कोणालाही आवडतात. प्रत्येक फुली म्हणजे एका मोठ्या खिळ्याचं डोकं. उभ्या फळ्या पुढून, आडव्या पट्ट्या मागून, आणि खिळा दोन्हींतून आरपार जाऊन मागे वळवलेला. फुलीचा पसरट पाकळ्यांचा आकार खिळ्याचा दाब लाकडावर वाटून देतो, डोकं फळीत रुतत नाही. अशा दाराला कॉफी टेबल करण्यासाठी फुल्या उपटतात तेव्हा फळ्या सुटतात आणि मग त्या फेव्हिकॉलने चिकटवाव्या लागतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे लांब अणकुचीदार खिळे याच रांगांचं लढाऊ रूप आहेत. हत्तीने मस्तक लावून दार फोडू नये म्हणून ते त्या उंचीला आहेत.

चुन्याबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे, कारण पुण्याच्या जुन्या भिंतींचं सगळं सौंदर्य चुन्यात आहे आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच झालं आहे. वाड्याची भिंत खाली घडीव दगडाची, वर विटांची, कित्येकदा मातीच्या सांध्यात रचलेली आणि लाकडी चौकटीने बांधून धरलेली. अशी भिंत पाणी पिते आणि सोडते. तिच्यावरचा गिलावा तिच्यापेक्षा मऊ असावा लागतो आणि तिला श्वास घेऊ द्यावा लागतो. चुनखडी भाजून कळीचा चुना निघतो. तो पाण्यात विरवताना उकळतो, म्हणून पाणी चुन्यावर ओतण्यापेक्षा चुना पाण्यात सोडणं सुरक्षित, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. विरवलेला चुना पाण्याखाली जितका जास्त दिवस मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मग घाणी: गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. एक भाग चुना, दोन भाग वाळू, किंवा काही वाळूच्या जागी विटांची भुकटी म्हणजे सुरखी. सुरखीमुळे चुना ओल्या जागीही घट्ट होतो, म्हणून हौदाला आणि गच्चीला सुरखी जास्त. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, तागाचे तुकडे हे सगळं जागेप्रमाणे पडायचं. गुळाने काम करायला सुलभ होतं, बेलाचा गर चिकटपणा देतो, ताग आकसताना पडणाऱ्या चिरा धरून ठेवतो. अखेरचा हात नीरूचा, वस्त्रगाळ चुन्याचा, आणि तो ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या भिंतीवर हात फिरवला की ती थंड आणि किंचित स्निग्ध लागते. ती चमक रंगाची नसते.

चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, परत चुनखडीच होत होत. हे सावकाश घडतं आणि त्यासाठी भिंत दमट राहावी लागते. म्हणून थर पातळ, दहा-बारा मिलिमीटरच्या आत. दोन थरांत काही दिवस. वर ओली गोणपाटं किमान आठवडाभर. एप्रिल-मेच्या उन्हात केलेलं चुनाकाम वरून वाळतं आणि आतून भुसभुशीत राहतं. पुण्यात पाऊस सरल्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. ज्याला हा वेळ नसतो तो सिमेंट लावतो. सिमेंटचा गिलावा विटेपेक्षा कडक आणि बंद असतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते, बाहेर पडायला वाट शोधते, सिमेंटच्या वरच्या कडेला पोचते आणि तिथे क्षार सोडून उडून जाते. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. मग लोणा लागलेल्या जागी आणखी वर सिमेंट लावतात, आणि ओल आणखी वर चढते. विटा आतून पीठ होतात. हाच नियम उघड्या विटांच्या दर्जांना, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यांना. कॅम्पातल्या लाल देवळासारख्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगसारख्या, १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीच्या लाल विटा आणि काळा दगड बघावेत. त्या काळच्या विटांच्या दर्जा चुन्याच्या असायच्या, ओल दर्जेतून निघून जायची, झिजली तर दर्ज झिजायची आणि ती पुन्हा भरता यायची. जुन्या विटांत सिमेंटची दर्ज भरली की ओल विटेतून निघते आणि विटेचं तोंड सुटून पडतं. झिजण्यासाठी ठेवलेला भाग आपण अमर करतो आणि टिकण्यासाठी ठेवलेला भाग झिजवतो.

चुन्याचंच रूप म्हणजे शिखरांवरच्या मूर्ती. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी १७६१ मध्ये सुरू केलेल्या तुळशीबागेतल्या राममंदिराचं शिखर बाजारातून वर मान करून बघावं. बांगड्या, कानातली, गाळणी आणि स्टीलच्या डब्यांच्या वर कोनाड्या-कोनाड्यांत माणसं, देव, ऋषी उभे आहेत. अशा मूर्तींना विटेच्या तुकड्यांचा गाभा असतो आणि वर चुन्याचं मांस. कारागीर बोटांनी आणि लहान थापीने, चुना ओला असेतोवर आकार काढतो. दगडासारखं कोरून कमी करायचं नसतं, थर देऊन वाढवायचं असतं. त्यामुळे वस्त्राच्या चुण्या मऊ असतात. त्यांना मूळची सफेदी चुन्याची, रंग हवा तर पिवडी, काव, नीळ. चुन्याची सफेदी पावसागणिक थोडी धुऊन जायची आणि पुन्हा दिली जायची, आकार तसाच राहायचा. प्लॅस्टिक पेंट आणि ऑइलपेंट जात नाहीत, साचतात. जीर्णोद्धाराला वर्गणी देणाऱ्यांची श्रद्धा खरी असते आणि झळझळीत रंगाचा आनंदही खरा असतो, म्हणून याबद्दल रागाने बोलवत नाही. पण बंद रंगाखाली चुना ओला राहतो, फुगतो आणि एखाद्या पावसाळ्यात एका द्वारपालाचा हात कोपरापासून सुटतो.

छज्जाच्या खालच्या कडेला आत एक बारीक खाच असते, किंवा कड खाली ओठासारखी वळवलेली असते. पाणी वरून ओघळत येतं, खाचेपाशी अडतं आणि तिथून थेंब होऊन सरळ खाली पडतं. भिंतीकडे परतत नाही. नवा गिलावा करताना गवंडी ती खाच "सफाई" म्हणून बुजवतो. पुढच्या श्रावणापर्यंत भिंतीवर काळे ओघळ येतात आणि दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. मंगलोरी कौलांच्या पाखाखाली लागणारी कातीव लाकडी झालर अशीच वाशांची उघडी टोकं झाकायला आलेली. ती दर काही वर्षांनी बदलायची असते, वासे वाचवायचे असतात.

इथवर येऊन कोणाला वाटेल की प्रत्येक वेलबुट्टीला नोकरी लावायचा हा अट्टहास आहे. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ त्यावर चांगलं उत्तर आहे. १७५४ मध्ये सुरू होऊन १७७० मध्ये गणपतीची स्थापना झालेलं हे देऊळ पूर्ण काळ्या पाषाणाचं. बेसाल्ट इतका कठीण की छिन्नीला दर थोड्या वेळाने धार लावावी लागते, आणि तरीही दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती, माकडं, आणि तो प्रसिद्ध साखळदंडांनी बांधलेला गेंडा, बंदूकधारी शिपायांसह. तो गेंडा काही पेलत नाही, पाणी वळवत नाही. पेठेतल्या लोकांना दूरदेशची काही बातमी सांगायची होती, ती दगडात सांगितली. गाभाऱ्याच्या दाराशी संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत तेही तसेच, वाचण्यासाठी. पण एवढं बघावं की ही सगळी गर्दी भिंतीच्या सपाट भागावर आहे. कोपऱ्याचे दगड, जोत्याचे थर, दाराच्या उभ्या शाखा या आपल्या जागी घट्ट आणि संयत आहेत. बातमी सांगायला जागा दिली ती भार नसलेली. बेसाल्टला पावसाचं भय फारसं नाही. त्याला त्रास होतो तो सांध्यातल्या सिमेंटचा आणि अंगावरच्या ऑइलपेंटचा.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली आणि मुंबई बंदरात उतरणारं काहीही पुण्यात येऊ लागलं. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत वाड्यांच्या दर्शनी भागावर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जाळ्या दिसायला लागतात: वेली, चांदण्या, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, खिडकीमागून खिडकी अगदी एकसारखी. सागाच्या दोन घोड्यांत फरक असतोच, बिडाच्या दोन जाळ्यांत नसतो, कारण लाकडी साचा एक आणि रेतीत ठसे शंभर. त्याला निर्जीव म्हणणारे आहेत. ते पटत नाही. ओतकामाची नक्षी बघताना तिची जाडी बघावी. रस सगळीकडे पोचावा आणि थंड होताना एका जागी जाड, एका जागी पातळ राहून तडा जाऊ नये म्हणून वेलीची जाडी सगळीकडे जवळपास सारखी ठेवलेली असते, आणि दोन फांद्या मिळतात तिथे कोपरा गोल केलेला असतो. वेल अशी वळते कारण वितळलेलं लोखंड तसं वाहतं. बीड आहे की घडीव लोखंड, हे ड्रिल केल्यावर कळतं. बिडाचा काळा भुगा पडतो, घडीवाची लांब वेटोळी निघते. हे ओळखणं गरजेचं, कारण तुटलेल्या बिडाला साधं वेल्डिंग केलं की जोडाशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि गार होताच तडकतो. एकतर निकेलचा रॉड वापरून, आधी तापवून, नंतर राखेत हळूहळू थंड करावं लागतं, नाहीतर मागून पट्टी लावून बोल्टने धरावं. दगडात रोवलेल्या टोकांभोवती पूर्वी वितळलेलं शिसं ओतायचे. शिसं मऊ, लोखंडाला हलायला जागा देतं आणि पाणी अडवतं. ते चोरीला गेलं किंवा काढलं आणि तिथे सिमेंट भरलं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो आणि पायरीचा दगड फुटतो.

याच काळातली मंडई, १८८६ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झालेली. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या बाजू नकाशावर फुलासारख्या दिसतात, पण आत उभं राहिलं की भाजी, घाम आणि ओल्या पोत्यांची उष्ण हवा वर कशी ओढली जाते ते कळतं.

पुढच्या पिढीत नक्षी फरशीवर उतरली. सिमेंटच्या रंगीत फरश्या भाजलेल्या नसतात. धातूच्या साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवायची, प्रत्येक घरात वेगळा रंग मिसळलेलं पातळ सिमेंट आणि संगमरवराची भुकटी ओतायची, जाळी अलगद उचलायची, वर कोरडं मिश्रण आणि मागचा जाड थर देऊन दाबयंत्रात दाबायचं आणि मग पाण्यात पिकवायचं. रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर असतो, म्हणून ऐंशी वर्षं पावलं पडूनही तो संपत नाही. तो संपतो अ‍ॅसिडने. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड एकदा फिरवलं की सिमेंटच्या वरच्या त्वचेची छिद्रं उघडतात आणि पुढचा प्रत्येक डाग आत जातो. साधं पाणी आणि कापड पुरतं. डेक्कन जिमखान्यावरच्या आणि प्रभात रोडच्या जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना पट्टीच्या लोखंडाचे गज आहेत, उगवत्या सूर्याच्या किरणांचे किंवा लाटांचे. जुन्या ग्रिलमध्ये पट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या असतात आणि प्रत्येक रिव्हेटचं गोल डोकं किरणांच्या टोकाला ठिपका होऊन बसलेलं असतं. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांची दातेरी छपरंही याच घराण्यातली. उभी काच उत्तरेला, उतरता पत्रा दक्षिणेला, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येत नाही आणि सावली दिवसभर स्थिर राहते. रेल्वेतून बघताना आभाळावर त्या दातांची रेघ सुंदर दिसते आणि ती कोणी सौंदर्यासाठी काढलेली नाही.

आणि कसब्यातली तांबट आळी. तिथे अजून मठारकाम होतं. तांब्याचं भांडं आकाराला आलं की तापवून मऊ झालेलं असतं, बोटाने दाबलं तर चेपेल असं. मग गोल तोंडाच्या हातोडीने त्याच्या अंगावर शेजारी-शेजारी ठोके मारत जातात, एकही जागा न सोडता आणि एकाही ठोक्यावर दुसरा न चढवता. प्रत्येक ठोक्याने तांबं तिथे घट्ट होतं. ठोका हलका पडला तर तेवढी जागा मऊ राहते, जोरात पडला तर पत्रा पातळ होऊन पुढे कडेला फाटतो. बंबावर, घंगाळावर उजेड लहरताना दिसतो तो या ठोक्यांमुळे. त्या भांड्यावरून मठार काढून टाकता येत नाही. गुळगुळीत करायला तापवलं तर भांडं पुन्हा मऊ होईल. वखारीत कुसू कापायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा या आळीत उभं करावंसं वाटतं. टीका करायला नव्हे. हौसेने नक्षी विकत घेणाऱ्या माणसाला ती आवडलेली असते, आणि आवडणं ही मोठी गोष्ट आहे. त्याला फक्त अर्धीच वस्तू दाखवली गेली.

वाडे उतरणार आहेत. घराला सहा वारस, वरच्या मजल्यावर गुडघेदुखी असलेली आई आणि लिफ्टची गरज या सगळ्यासमोर महिरपीची बाजू घेणं सोपं नाही, आणि प्रत्येक वेळी योग्यही नाही. पण उतरवायचाच असेल तर तो उतरवता येतो, पाडावा लागत नाही. कुसू आणि खुंटीचं काम मुळात सुटं करता येईल असंच जोडलेलं असतं. खुंटी निमुळत्या बाजूकडून ठोकून काढायची, पहारीने उचकटायची नाही. प्रत्येक नगाला क्रमांक द्यायचा तो खडूने नको, पहिल्या पावसात पुसला जातो. ॲल्युमिनियमची पट्टी ठोकून किंवा खुणेचा अंक कुसवावरच पटाशीने कोरून. काढण्याआधी समोरून, बाजूने आणि खालून फोटो, आणि साध्या कागदावर खणांचा नकाशा काढून त्यावर तेच अंक. कोणता घोडा कोणत्या खांबाचा, वर कोण, खाली कोण. लाकूड जमिनीवर ठेवायचं नाही. खाली वीतभर उंचीच्या पट्ट्या, दोन थरांमध्ये बोटभर पट्ट्या, वर पत्रा आणि चारही बाजू उघड्या. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला तर आत घाम धरतो आणि एका पावसाळ्यात बुरशी येते. आणि कुसू कापायचं नाही. भिंतीवरच लावायचा असेल तर भिंतीला चार बोटं जाडीची लाकडी फळी मारावी, तिच्यात कुसवाच्या मापाचं भोक पाडावं आणि घोडा त्यात बसवून वरून एक सागवानी खुंटी मारावी. अर्ध्या दिवसाचं काम आहे, कोणताही चांगला सुतार करून देतो.